वाचकांचे प्रश्न : सह्याद्रीच्या कातळातले अक्षांश

सह्याद्रीतील लाव्हाथरांविषयी या सदरात गेल्या वेळी लिहिताना "हा लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता" असे एक वाक्य मी लिहून गेलो होतो. बाकीच्या साऱ्या मजकुरावर मिळून आली नसतील इतकी पत्रे त्या एका वाक्यावर आली. बहुतेकांचा रोख एकच आहे: हे कळले कसे, आणि कोणाला? ही उत्सुकता अगदी रास्त आहे. त्यामुळे या वेळची बरीचशी उत्तरे एडवर्ड अर्व्हिंग या एका भूवैज्ञानिकाच्या कामाभोवती गुंफली आहेत. सगळे त्यांना टेड अर्व्हिंग म्हणत. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्या माणसाने आपल्या दक्खनच्या दगडावरून भारताचा प्रवास मोजला, तो निदान मराठी वाचकाला तरी परका राहू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : भूगोलाच्या पुस्तकांत १९१२ मधले वेगेनर भेटतात आणि लगेच पुढच्या परिच्छेदात १९६०च्या दशकातले भूपट्ट. मधल्या पन्नास वर्षांत काय घडले? भारत सरकला हे प्रत्यक्ष मोजून प्रथम कोणी दाखवले? (एक शिक्षिका, सातारा)

मधल्या पन्नास वर्षांत पुष्कळ काही घडले, आणि बाई, आपल्या दृष्टीने त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग पुस्तके गाळतात, ही तुमची तक्रार योग्यच आहे.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची, म्हणजे खंड जागचे सरकत आले आहेत ही, कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये ती पुस्तकरूपाने आणली. किनाऱ्यांचे आकार, दूरदूरच्या खंडांत सापडणारे सारखे जीवाश्म, आज उष्ण असलेल्या प्रदेशांतील प्राचीन हिमनद्यांच्या खुणा असे त्यांचे पुरावे होते. पुरावे वजनदार होते, पण प्रत्येकाचा दुसरा अर्थ लावता येत असे. जीवाश्म सारखे असतील तर मध्ये कधीकाळी जमिनीचा पूल असेल, असे विरोधक म्हणत. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांच्यासारखे मान्यवर भूभौतिकज्ञ तर एवढाले खंड सरकवणारे बळच पृथ्वीत नाही, असे गणिताने सांगत होते. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत वारले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर दु टॉइट यांच्यासारखे मोजके अभ्यासक सोडले, तर हा विषय अडगळीत पडल्यासारखाच झाला. उणीव होती ती एका आकड्याची. अमुक खंड अमुक काळी अमुक अक्षांशावर होता, असे जीवाश्मांचा आधार न घेता सांगणारे एखादे मोजमाप हवे होते.

ते मोजमाप आले भलत्याच वाटेने. मँचेस्टरचे भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. फिरणारी कोणतीही जड वस्तू केवळ फिरण्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते का, हे ते तपासत होते. त्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंहून थोडे अधिक सोने उसने घेऊन त्याचा दंडगोल बनवला आणि अत्यंत क्षीण चुंबकत्व पकडणारा मापक तयार केला. सोन्यातून काहीच निघाले नाही आणि कल्पना चुकीची ठरली. मापक मात्र हाती राहिला, आणि तो खडकांचे पुसट चुंबकत्व मोजण्यासाठी अगदी योग्य निघाला.

याच सुमारास, १९५१ मध्ये, अर्व्हिंग केंब्रिजमध्ये कीथ रनकॉर्न यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. अर्व्हिंग यांचा जन्म १९२७ चा, इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील कोल्न या गावचा. लष्करी नोकरी करून आलेला हा तरुण भूविज्ञानाचा पदवीधर होता, भौतिकशास्त्राचा नव्हे. त्यांचे मुख्य काम स्कॉटलंडच्या वायव्येकडील टोरिडोनियन नावाच्या अतिप्राचीन वालुकाश्मावर होते. पण मन मात्र वेगेनर यांच्या प्रश्नावर होते. खंडवहन खरे असेल तर ते भारतात सर्वांत ठळक दिसायला हवे, कारण वेगेनर यांच्या नकाशात सर्वांत लांबचा प्रवास भारतानेच केला होता. ही कसोटी घेऊन पाहावी या विचाराला संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांचेही पाठबळ होते. अर्व्हिंग यांनी भारतातून दक्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचे, काही नमुने मागवले, मापकावर धरले, आणि (चुंबकत्वावरून अक्षांश कसा कळतो ते पुढच्या उत्तरात आहे) उत्तर आले की हा खडक थिजला तेव्हा तो दक्षिण गोलार्धात होता. तेव्हापासून भारत हजारो किलोमीटर उत्तरेकडे सरकला आहे आणि सरकताना घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने वळलाही आहे.

नमुने थोडे होते, म्हणून त्या एका मोजमापावर जगाने माना डोलावल्या नाहीत, आणि डोलावू नयेत हेही बरोबरच होते. त्यानंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वावरचा आपला शोधनिबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे डॉइच हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांच्यासह त्याच कामात पुढे गेले, आणि १९५९ मध्ये दक्खनच्या पुराचुंबकत्वावरचा, म्हणजे खडकांत टिकून राहिलेल्या प्राचीन चुंबकत्वावरचा, तिघांचा निबंध आला. उत्तर तेच राहिले. वर्गात हे अवश्य सांगा की समुद्रतळाचे प्रसरण आणि भूपट्ट हे शब्द रूढ होण्याआधीच आपल्या डोंगरातल्या दगडाने भारताच्या प्रवासाची साक्ष दिली होती, आणि ती नोंदवणाऱ्यांत मुंबईत बसून काम करणारा एक मराठी संशोधकही होता.

प्रश्न : दगडाला अक्षांश "आठवतो" म्हणजे नेमके काय होते? आणि काही गडांच्या माथ्यावर होकायंत्र वेडेवाकडे फिरते असा आम्हा भटक्यांचा अनुभव आहे. त्याचा याच्याशी संबंध आहे का? (एक गिर्यारोहक, पुणे)

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीच्या लोहखनिजांचे बारीक कण असतात. लाव्हा तापलेला असतो तोवर या कणांना कायमचे चुंबकत्व नसते. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या खाली आला की, आणि दक्खनमध्ये आढळणारे टायटॅनियमयुक्त प्रकार त्याहून कमी तापमानाला, त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. पुढे खडक पुन्हा तितका तापला नाही, तर ती दिशा कोट्यवधी वर्षे टिकते.

आता अक्षांशाकडे येऊ. होकायंत्राची सुई आडव्या पातळीत उत्तर दाखवते हे आपण पाहतो, पण सुई वरखाली फिरायलाही मोकळी ठेवली तर ती जमिनीशी कोन करते. या कोनाला नती म्हणतात. विषुववृत्ताजवळ नती शून्याच्या आसपास असते आणि ध्रुवावर सुई सरळ उभी राहते. उत्तर गोलार्धात सुईचे उत्तर टोक जमिनीत घुसू पाहते, तर दक्षिण गोलार्धात ते आकाशाकडे उचलले जाते. हजारो वर्षांची सरासरी काढली तर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवांशी जुळतात. यान हॉस्पर्स या डच संशोधकाने आइसलंडच्या लाव्हाथरांवर केलेले काम या गृहीताचा मोठा आधार ठरले. हे गृहीत धरले की हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा उरतो: नतीचे टॅन्जंट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जंटची दुप्पट.

दक्खनच्या लाव्हाथरांत ही नती साधारण ४५ ते ४७ अंश भरते. ४७ अंशांचा टॅन्जंट १.०७, त्याची निमपट ०.५४, आणि तो सुमारे २८ अंशांचा टॅन्जंट. पुणे आज साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेव्हा ते दक्षिणेस २८ अंशांवर असेल, तर फरक सुमारे साडेसेहेचाळीस अंशांचा होतो, आणि एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर पाच हजार किलोमीटरांहून थोडा अधिक. या लाव्हाचे वय ६.६ कोटी वर्षे आहे. भागाकार केला तर वर्षाला सरासरी आठ सेंटीमीटर येतात. प्रत्यक्षात वेग एकसारखा नव्हता: आशियाला धडकण्यापूर्वी भारत याहून बराच वेगाने सरकत होता आणि धडकेनंतर मंदावला.

उत्तर की दक्षिण हे ठरवताना एक गुंता सोडवावा लागतो. पृथ्वीचे क्षेत्र अधूनमधून उलटते, म्हणजे उत्तर व दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होते. सह्याद्रीचा बहुतेक लाव्हा अशा उलट काळात थिजला. त्यामुळे त्यातली "सुई" दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला कललेली आणि खाली झुकलेली आढळते. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत मात्र क्षेत्र पुन्हा सरळ झाले होते. तिथे सुई वायव्येकडे आणि वर उचललेली आहे. दोन्ही दिशा एकमेकींच्या बरोबर विरुद्ध आहेत आणि दोन्हींवरून अक्षांश एकच निघतो. ही जोडी मला नेहमीच विलक्षण वाटते, कारण खडकाने नंतर कधीतरी नवे चुंबकत्व उचलले असते, तर वरचे आणि खालचे थर असे नेमके उलटसुलट राहिलेच नसते. शिवाय सरळ दिशा उत्तरेपासून पश्चिमेला पंचवीस ते तीस अंश वळलेली दिसते, आणि भारत वळला तो इतकाच.

आता गडावरच्या होकायंत्राविषयी. बेसाल्टचे चुंबकत्व बरेच बलवान असते, आणि माथ्यावरच्या उघड्या कातळावर वीज पडली की तिच्या प्रचंड प्रवाहाने त्या जागेपुरता खडक नव्याने, आणि फार तीव्रतेने, चुंबकित होतो. अशा ठिकाणी होकायंत्र दोन पावलांवर वेगळे उत्तर देऊ शकते. म्हणून आमच्या क्षेत्रातले लोक शक्यतो माथा टाळून घाटाच्या ताज्या कापातून नमुने घेतात, आणि दिशा होकायंत्राऐवजी सूर्याच्या सावलीवरून ठरवतात. प्रयोगशाळेत नमुना पायरीपायरीने तापवून नंतरचे उपरे चुंबकत्व आधी उतरवले जाते. शेवटी जे टिकून राहते तेच मोजायचे.

क्षीण चुंबकीय मोजमापे किती जपावी लागतात याची एक खूण आपल्या किनाऱ्यावरच आहे. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवावी लागली. तिथे ती आजही सुरू आहे.

प्रश्न : अर्व्हिंग यांचा डॉक्टरेटचा प्रबंध केंब्रिजने नाकारला असे वाचनात आले. हे खरे आहे का? आणि पुढे त्यांनी काय केले? (एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

खरे आहे. १९५४ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला आणि त्यांना पदवी मिळाली नाही. विषय इतका नवा होता की त्याचे मोल नीट जोखू शकणारे लोकच तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मोजमापे भौतिकशास्त्राची आणि निष्कर्ष भूविज्ञानाचे, असा प्रबंध दोन्ही घरांत पाहुणाच ठरतो. ज्याने भारताच्या प्रवासाचे पहिले मोजमाप केले त्याला त्या कामावर पदवी मिळू नये, याची खंत हा इतिहास वाचताना मला दर वेळी वाटते.

पण त्यांचे काम थांबले नाही. जॉन येगर यांच्या बोलावण्यावरून ते त्याच वर्षी कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत गेले, तिथे मापक उभारला आणि एका अख्ख्या खंडाचे खडक मोजायला घेतले. दहा वर्षे ते तिथे होते. रोनाल्ड ग्रीन यांच्यासह त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या निरनिराळ्या वयाच्या खडकांवरून ध्रुवाचा भासमान मार्ग रेखाटला. ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. खंड स्थिर आहे असे धरून वेगवेगळ्या काळांतल्या खडकांवरून ध्रुवाची जागा काढत गेले, तर ध्रुव भटकल्यासारखा दिसतो. खरोखर ध्रुवच भटकला असेल तर सर्व खंडांवरून एकच मार्ग निघायला हवा. प्रत्येक खंडाचा मार्ग वेगळा निघत असेल, तर खंड सरकले असे मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही. केनेथ क्रीअर यांनी ब्रिटनचा असा मार्ग १९५४ मध्येच काढला होता. ऑस्ट्रेलियाचा मार्ग त्याच्याशी मुळीच जुळला नाही. रनकॉर्न सुरुवातीला केवळ ध्रुवभ्रमणाच्या बाजूचे होते, पण युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या मार्गांतला फरक पाहून १९५६ च्या सुमारास तेही खंडवहनाकडे वळले. त्यांचा शिष्य तिथे त्यांच्या आधीच पोहोचला होता.

तरीही मला विचाराल तर अर्व्हिंग यांचे सर्वांत मोलाचे काम भारताचे मोजमाप हे नाही आणि ऑस्ट्रेलियाचा मार्गही नाही. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी खडकांच्या चुंबकत्वावरून निघणारे प्राचीन अक्षांश आणि त्याच प्रदेशांतील प्राचीन हवामानाचे पुरावे शेजारी शेजारी ठेवले. हिमनद्यांच्या खुणा, वाळवंटी वालुकाश्म, मिठाचे थर, प्रवाळ यांपैकी प्रत्येक गोष्ट साधारणपणे ठरावीक अक्षांशांत आढळते. चुंबकत्वाला हवामानाची खबर नसते, आणि हिमनदीला चुंबकत्वाची. असे दोन साक्षीदार, एकमेकांना न भेटता, एकच गोष्ट सांगत असतील तर ती साक्ष फेटाळणे अवघड होते. चुंबकत्वाच्या मोजमापांवर शंका घेणारे भूवैज्ञानिक तेव्हा फार होते, आणि त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देणारा हा निबंध होता. पुराभूगोल, म्हणजे प्राचीन काळच्या पृथ्वीचा भूगोल, ही मोजमापाची शाखा झाली ती अशा जुळवणीतून. केवळ भौतिकशास्त्रज्ञाला कदाचित हे सुचले नसते. त्यासाठी खडकांच्या थरांत वाढलेला माणूस हवा होता.

ऑस्ट्रेलियातल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या पुराजीव महाकल्पाच्या अखेरीस पृथ्वीचे क्षेत्र सुमारे पाच कोटी वर्षे सलग उलटेच राहिले होते. या दीर्घ काळाला न्यू साउथ वेल्समधील कायामा गावावरून अर्व्हिंग आणि पॅरी यांनी नाव दिले, आणि ते आजही वापरात आहे. १९६४ मध्ये अर्व्हिंग यांचा पुराचुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ आला, त्याच वर्षी ते कॅनडात ओटावा येथील वेधशाळेत रुजू झाले, आणि १९६५ मध्ये केंब्रिजने त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही उच्च पदवी दिली. मधला लीड्समधील अल्पकाळ सोडला तर पुढचे आयुष्य त्यांनी कॅनडातच काढले. १९७९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि २००५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे वोलास्टन पदक त्यांना मिळाले. वयाच्या ऐंशीनंतरही, २०१० मध्ये, गाळाच्या खडकांत नती मुळापेक्षा कमी का भरते आणि त्यामुळे उत्तर अमेरिकेचा मार्ग कसा चुकतो, यावर डेनिस केंट यांच्याबरोबर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये ते वारले. आपण तरुणपणी वापरलेल्या पद्धतीतली चूक म्हातारपणी शोधत बसलेला संशोधक मला फार जवळचा वाटतो.

प्रश्न : तीस कोटी वर्षांपूर्वीचे जग, वीस कोटी वर्षांपूर्वीचे जग असे रंगीत नकाशे आणि चलचित्रे सर्वत्र दिसतात. मी अभियंता आहे. मला विचारावेसे वाटते की त्यांतली चूक किती असते? (एक वाचक, न्यू जर्सी)

काळागणिक वेगवेगळी असते, आणि ती चित्रात दिसत नाही हेच या चित्रांतले मोठे वैगुण्य आहे.

पुराचुंबकत्वाची एक मर्यादा मूलभूत आहे. त्यातून अक्षांश कळतो आणि खंड किती वळला ते कळते, पण रेखांश कळत नाही. क्षेत्र अक्षाभोवती सारखे असल्याने पूर्व-पश्चिम सरकण्याची नोंद खडकात उमटत नाही. ही उणीव समुद्रतळाने भरून काढली. मध्यसागरी पर्वतरांगांवर नवा बेसाल्ट सतत तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, आणि चुंबकीय क्षेत्राच्या उलथापालथीचे पट्टे त्यावर छापले जातात. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हे मांडले, आणि त्यांनी वापरलेली निरीक्षणे आपल्या शेजारचीच होती: वायव्य हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर ब्रिटिश जहाजाने घेतलेली. पट्टे परत मिटवत गेले की दोन खंडांमधले अंतर काळानुरूप कळते, रेखांशासह. त्यानंतर १९६७-६८ मध्ये मॅकेन्झी आणि पार्कर, मॉर्गन, ल पिशों यांनी पृष्ठभागाचे कठीण तुकडे गोलावर कसे फिरतात याचे गणित बसवले, आणि त्यातून भूपट्टांचा सिद्धान्त उभा राहिला.

पण समुद्रतळ खोल गर्तांमधून पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो, म्हणून महासागरांत अठरा-वीस कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळपास उरलेलाच नाही. त्यापलीकडचे नकाशे पुन्हा मुख्यतः चुंबकत्व, हवामानाच्या खुणा, जीवाश्म आणि पर्वतपट्ट्यांची जुळवणी यांवर उभे आहेत. म्हणजे अर्व्हिंग यांच्या १९५६ च्या रीतीवर. गेल्या दहा-पंधरा कोटी वर्षांतील भारताची जागा बरीच निश्चित आहे असे मी म्हणेन. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या नकाशात अक्षांश ठीक असतील, पण रेखांश तर्काचा असेल. साठ-सत्तर कोटींपलीकडे तर दोन अभ्यासकांचे नकाशे एकमेकांना ओळखही देत नाहीत.

खुद्द अर्व्हिंग यांच्या आयुष्यातच याची दोन उदाहरणे आहेत. सर्व खंड एकत्र असतानाच्या पँजिया या महाखंडाचे आपल्या परिचयाचे चित्र चुंबकीय मोजमापांशी पर्मियन काळाच्या सुरुवातीला, म्हणजे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, पुरेसे जुळत नाही, हे पाहून त्यांनी १९७७ मध्ये वेगळी मांडणी सुचवली. त्यात दक्षिणेकडचे खंड उत्तरेकडच्या खंडांच्या तुलनेत हजारो किलोमीटर पूर्वेला होते आणि नंतर घसरत आपल्या ओळखीच्या जागी आले. एवढे मोठे घसरणे घडवणारा भूभंग कुठे आहे, असे विरोधक विचारतात. वाद अजून मिटलेला नाही. दुसरे उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याचे. ब्रिटिश कोलंबियाचा काही भाग नऊ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या अक्षांशांवर होता आणि किनाऱ्याला घासत तीन हजार किलोमीटरांच्या आसपास उत्तरेला आला, असा निष्कर्ष तिथल्या खडकांच्या नतीवरून निघतो, आणि अर्व्हिंग तो ठामपणे मांडत राहिले. खडक नंतर कलले असतील, म्हणून नती फसवत असेल, असे दुसरा पक्ष म्हणतो. पत्रकर्ते अभियंता आहेत म्हणून एवढेच सुचवतो की नकाशा पाहताना त्यातली कोणती रेघ समुद्रतळावरून आली आणि कोणती अनुमानाने, हे विचारावे. चांगल्या शोधनिबंधात त्याचे उत्तर सापडते, चलचित्रात क्वचितच.

प्रश्न : गोंडवन हे नाव आपल्याकडचे आहे असे म्हणतात. त्या काळच्या खुणा महाराष्ट्रात पाहता येतात का? (एक वाचक, चंद्रपूर)

नाव गोंडांच्या प्रदेशावरूनच आले. मध्य भारतातील थरांना ते एकोणिसाव्या शतकात दिले गेले आणि ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी ते दक्षिणेकडच्या सबंध महाखंडाला लावले. खुणा तर तुमच्या अंगणात आहेत. चंद्रपूर-बल्लारपूरचा दगडी कोळसा गोंडवन काळचा. नागपूरजवळच्या कामठीचे नाव ज्या थराला दिले आहे त्या कामठी थरात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात; तीच पाने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिकातही मिळतात. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या परिसरात, कोळशाखालच्या तालचीर थराच्या बुडाशी हिमनदीने घासलेला चुनखडकाचा पृष्ठभाग १८७० च्या दशकात नोंदला गेला. मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन सोसलेल्या माणसाला तिथे कधीकाळी बर्फ सरकत होता हे पटणे कठीण जाते, पण अर्व्हिंग यांच्या दोन साक्षीदारांपैकी एक तो आहे.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. मला या विषयात संशोधन करायचे आहे. घरचे म्हणतात यात भविष्य नाही. मी काय शिकावे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे, म्हणून आधी त्यांच्यासाठी लिहितो. भूविज्ञानाच्या पदवीधराला खाणी, भूजल, धरणे-बोगद्यांची कामे आणि सर्वेक्षण यांत काम मिळते. संशोधनाची वाट जमली नाही तरी शिकलेले वाया जात नाही.

आता तुझ्यासाठी. भूविज्ञान घेऊन पदवी कर, पण गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. या क्षेत्रात दोन्हींच्या सीमेवर उभे राहता येणाऱ्यांची नेहमीच गरज असते. पदवीनंतर आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा भूविज्ञान विषयातून देता येते, आणि मुंबईच्या आयआयटीत भूविज्ञानाचा विभाग आहे. पुणे आणि नागपूर विद्यापीठांतही हा विषय पदव्युत्तर स्तरापर्यंत शिकवला जातो. खडकांच्या चुंबकत्वावर नवी मुंबईतील न्यू पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेत काम चालते. संगणकावर प्रोग्राम लिहिता येणे आता अपरिहार्य आहे, कारण ध्रुवांच्या जागांची सरासरी, त्यांतली अनिश्चितता आणि खंडांची फिरकी हे सारे हिशेब त्यावरच होतात. फिशर यांनी गोलावरच्या दिशांची सरासरी काढण्याची जी रीत १९५३ मध्ये प्रसिद्ध केली, ती हाताने एकदा तरी सोडवून पाहा.

आणि तोवर एक सवय लाव. कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाशील तेव्हा घाटाच्या कापात लाव्हाचे थर मोज, प्रत्येकाचा माथा आणि पाया ओळखायचा प्रयत्न कर, दोन थरांमधली लाल माती कुठे दिसते ते वहीत जागेसह आणि तारखेसह टिपून ठेव. त्या गडाचे नाव दक्खनच्या लाव्हाच्या वरच्या एका थरसमूहाला दिलेले आहे. हा लाव्हा थिजला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटून सरळ झालेले होते. तुझी निरीक्षणांची वही मला पाठवलीस तर मी ती अवश्य वाचेन आणि पुढच्या अंकात तिच्यावर लिहीन.